दोन वर्षं सुटलेला व्यायाम, वय ४८ आणि दुखणारी टाच: वाळूवर चालू की रस्त्यावर?

पाखाडी

रत्नागिरी तालुका, समुद्र घरापासून दहा मिनिटांवर. वय ४८, उंची १५७ सेंमी, वजन ७१ (आधी ६३ असायचं), कंबर ९१ सेंमी. घरातल्या आजारपणामुळे आणि जागरणांमुळे दोन वर्षं सगळं बंद होतं. त्याआधी रोज ५ किमी चालणं आणि १२ सूर्यनमस्कार. मागच्या आठवड्यात तेच पुन्हा सुरू केलं, वाळूवर, अनवाणी. चौथ्या दिवशी उजवी टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाच टेकवत नाही, मग सैल होते. पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) ८० पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागतं.

बीपी एकदा मोजलं, १३४/८६. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.९ टक्के. गोळ्या कुठल्याच नाहीत. सकाळची ४० मिनिटं हमखास मिळतात.

सुरुवात कितीपासून करू? वाळू चांगली की वाईट? भात बंद करावा का? आणि तीन आठवड्यांत पाऊस लागेल, तेव्हा काय?

चिऱ्याची_पायरी

पाखाडीताई, सुक्या, पाय रुतणाऱ्या वाळूत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुप्पट ते अडीचपट शक्ती लागते. म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही अंगाला दहा-बारा किमीचं बिल लावलंत. वर अनवाणी, आणि अंगावर आठ किलो जास्त.

खंड पडला की आधी जातो तो दम. रक्तातला पाण्याचा भाग पहिल्या दोन आठवड्यांतच घटतो, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून पायरीवर धाप लागते. पण परत येतो तोही आधीच, तीन-चार आठवड्यांत फरक कळतो. स्नायू त्याच्यामागून येतात. सगळ्यांत मागे राहतात पोटरीची कंडरा आणि तळव्याचा जाड पडदा. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळवून घ्यायला महिने लागतात. घोळ बहुतेकांचा चौथ्या-पाचव्या आठवड्यात होतो: दम आलेला असतो, हुरूप असतो, अंतर वाढवलं जातं, आणि टाच किंवा गुडघा संप पुकारतो. म्हणून वेळापत्रक दमाच्या नाही, टाचेच्या चालीने आखा.

पहिले दोन आठवडे सपाट डांबरी रस्त्यावर, जाड तळव्याचे बूट घालून, १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. वेग मिनिटाला १०० पावलं. मोजायला सोपं: १५ सेकंदांत २५. बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. पुढे दर आठवड्याला चार मिनिटं वाढवा, जास्त नाही. सहाव्या आठवड्यात ३० मिनिटांवर याल, म्हणजे आठवड्याचे १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना निदान एवढंच सांगते, सोबत दोन दिवस ताकदीचा व्यायाम. उरलेली पंचवीस मिनिटं सुरुवातीला टाचेला आणि ताकदीला द्या.

टाचेचं दुखणं हे तळव्याच्या पडद्याचं वाटतं, सकाळची पहिली पावलं हीच त्याची खूण. आधी घरातल्या लादीवर अनवाणी चालणं बंद. घरात वापरायची वेगळी मऊ चप्पल ठेवा, पलंगाखालीच. उठण्याआधी पंचा पायाच्या बोटांना अडकवून स्वतःकडे ओढायचा, ३० सेकंद, तीनदा. मग खरं औषध, एक दिवसाआड: पायरीच्या कडेवर पुढचा पाय, बोटांखाली गुंडाळलेला पंचा, टाच हवेत. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या. सुरुवातीला दोन्ही पायांवर, सोपं झालं की एका पायावर, तेही सोपं झालं की पाठीवर पुस्तकांची पिशवी. हातांनी भिंत धरा. करताना थोडं दुखेल, दहातले तीन-चार गुण चालतील. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आधीपेक्षा वाईट असेल तर फेरी कमी करा, सोडू नका. तीन महिने धरा. लोक तीन आठवड्यांत कंटाळतात आणि मग म्हणतात व्यायामाने काही झालं नाही.

ताकदीसाठी जिम नको. ४५ सेंमी उंचीच्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ८ वेळा, दोन फेऱ्या. भिंतीला हात लावून दंड, ८ वेळा. आणि बादली. एक लिटर म्हणजे एक किलो, याहून सोपं वजन नाही. अर्धी बादली, ८ लिटर, एका हातात घेऊन अंगणात २० मीटर, हात बदलून परत. उचलताना पाठ गोल नको, खुब्यातून वाका. दुसऱ्या बाजूला कलंडायला झालं तर पाणी कमी करा. विहिरीला रहाट असेल तर ओढायचा व्यायामही होतो, फक्त श्वास रोखून ओढू नका. श्वास रोखला की बीपी क्षणात उसळतं.

भांगाची_भरती

वाळू वाईट नाही, वेळ वाईट असते. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली, घट्ट, पाऊल न रुतणारी वाळू डांबरापेक्षा बरी. तीच जागा दोन तासांनी पाण्याखाली, आणि तुम्ही वरच्या भुसभुशीत वाळूत.

भरती-ओहोटीचा हिशोब सगळ्या गाबितांना (मच्छीमारांना) ठाऊक असतो. तिथीला पाऊणाने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी: आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्या: पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीच्या मागेपुढे साधारण सव्वासहा तासांवर ओहोटी. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. बंदरागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे.

आता सकाळी सहाची वेळ धरा. पौर्णिमेला, अमावास्येला पाच वाजता ओहोटी, उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी लांब गेलेलं. चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत सकाळी सुंदर घट्ट पट्टा मिळतो. सप्तमी ते दशमी सकाळी सहाला भरती. भांगाची (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) असल्यामुळे पाणी फार वर येत नाही, पण चालायला उरते ती रुतणारी वाळू. ते दिवस रस्त्याचे. संध्याकाळी जाऊनही उपयोग नाही, तेव्हाही भरतीच असते.

दुसरं, किनारा कललेला असतो. समुद्राकडचा पाय खाली राहतो, आतला वर. जाताना आणि येताना त्याच रेषेतून चाललं तर पाय बदलतात, फिट्टंफाट होते. पण जाताना वाळूतून आणि येताना रस्त्याने असं केलं तर रोज एकच खुबा आणि एकच गुडघा वाकडा चालतो. ही चूक फार जण करतात. भाट्याचा किनारा ओहोटीला सपाट मिळतो, गुहागरला किंवा गणपतीपुळ्याला जाल तर कल आधी बघा.

टाच बरी होईपर्यंत वाळूवरही बूट. नंतर अनवाणी ५ मिनिटं, ओल्या पट्ट्यातच, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढ. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी अजिबात नाही: शिंपल्याने कापलं तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

आणि मे महिन्यात घाम भरपूर येतो म्हणून चरबी जळते असं काही नाही. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि ठोके उगाच चढतात. त्याच वेगाला जास्त धाप लागली तर वेग कमी करा. परत आल्यावर कोकमाचं आगळ घातलेलं पाणी घ्या, मीठही भरून निघेल.

कुळथाची_पिठी

आगळाबद्दल थांबा. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला रस, अमृत कोकम नव्हे. ३० मिनिटांच्या चालण्याला साधं पाणी पुरतं. बीपीचा खालचा आकडा ८६ असताना रोजचं मीठ कशाला? दीड-दोन तास उन्हात राबणाऱ्या माणसासाठी ते ठीक. आणि अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, तो साखर ५.९ असताना नको.

भात बंद करू नका. बंद केलेला भात दहाव्या दिवशी दुप्पट परत येतो. मूद लहान करा, एक मोठी वाटी शिजलेला (१५० ग्रॅम, सुमारे २०० कॅलरी), आणि त्याच्या जागी प्रथिनं आणा. चाळिशीनंतर स्नायू आपोआप झिजत असतात, वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली तर उतरतो तो स्नायू. ७१ किलोला दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास धरा. १०० ग्रॅम साफ केलेल्या बांगड्यात १९-२० ग्रॅम, अंड्यात ६, तीन मोठे चमचे कुळथाच्या पिठात साडेसहाच्या आसपास, वाटीभर दह्यात ५. दुपारी दोन बांगडे, सकाळी दोन अंडी, रात्री पिठी किंवा मटकीची उसळ, एक वाटी दही, बाकी भात-भाकरीतून. शाकाहारी असाल तर ७० गाठणं अवघड जातं, मग सोयाबीन किंवा पनीर आणावंच लागेल. भातावर नुसतं वरण ओतून ते होत नाही.

मासळीचं गणित बिघडतं ते तव्यावर. रवा तेल पितो. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि ७१ किलोच्या माणसाचं अर्ध्या तासाचं मध्यम चालणंही साधारण तेवढंच जाळतं. तिखलं करा, आंबट-तिखट कालवण करा, तळणं आठवड्यातून एकदा. खोबऱ्याला मी शत्रू मानत नाही, पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी असतात हे वाटण घेताना लक्षात राहू द्या. सुकी मासळी पावसाळ्यात निघते, तेव्हा खारं जपून. सुकट-जवळा दोनदा पाण्यातून काढला तर वरवरचं मीठ बरंचसं जातं.

रात्री जेवल्यावर दहा मिनिटं अंगणात चाला. जेवणानंतरची साखर उतरवायला ही दहा मिनिटं सकाळच्या चालण्याइतकीच मोलाची. वजन आठवड्याला ३०० ग्रॅमपेक्षा वेगाने उतरवायच्या भानगडीत पडू नका.

आबोली_गजरा

सगळे टाचेवर आणि बांगड्यावर बोलतायत. ४८ वर्षांच्या बाईला ८० पायऱ्यांत थांबावं लागतं, तर आधी रक्त बघा. पाळी अनियमित होऊन जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरतं आणि दम लागतो, त्याला चालणं हा उपाय नाही. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग. सोबत थायरॉईडची टीएसएच, जीवनसत्त्व बी-१२ आणि कोलेस्टेरॉल एकाच वेळी करून घ्या. कंबर ९१ आहे, भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० धरतात, म्हणून ईसीजीही काढून ठेवा. चालताना छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, मळमळ, भोवळ यांतलं काही झालं तर ‘पित्त झालं असेल’ म्हणत बसू नका, थांबा आणि १०८ ला फोन करा. बायकांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप आणि गळून गेल्यासारखंही होतं.

एकदा मोजलेल्या बीपीवरून काहीच ठरत नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टर. पुढेमागे गोळी सुरू झाली आणि ती ठोके कमी ठेवणारी असली, तर नाडी मोजून वेग ठरवता येत नाही, बोलण्याचीच खूण धरायची.

उड्या, दोरीवरच्या उड्या, जिना पळत चढणं सध्या नको. या वयात खोकल्यावर-उडीवर लघवी निसटणं फार सर्रास आहे, कोणी बोलत नाही एवढंच. लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, पाच सेकंद धरून पाच सेकंद सोडायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल. सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं.

आणि झोप. पाच तासांपेक्षा कमी झाली त्या दिवशी निम्माच व्यायाम, पण वेळ तीच. दुपारी दोननंतर चहा नको. झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की ठेवा, जागरणांनी बिघडलेलं घड्याळ तिथूनच बसतं.

पाखाडी

सगळ्यांचे आभार. रक्ततपासणी परवा करते. दोन गोष्टी राहिल्या: सूर्यनमस्कार कधी सुरू करू, आणि पावसात काय? पडवी ६ मीटर लांब आहे. जुलैत लावणीलाही चारपाच दिवस चिखलात उभं राहावं लागेल.

चिऱ्याची_पायरी

नमस्कार तिसऱ्या आठवड्यापासून, तीन. दर आठवड्याला एक वाढवा, बारावर अकरा-बारा आठवड्यांनी याल. टाच दुखतेय तोवर पर्वतासनात टाचा जमिनीला दाबू नका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. साष्टांगातून वर येताना खांदा चिमटल्यासारखा झाला तर हात पायरीवर ठेवून करा, जमीन उंच झाली की भार उतरतो.

भांगाची_भरती

बारा आठवडे फार झाले. दंड-पाठ पूर्वी कमावलेली असली तर ताकद पहिल्यांदा कमावण्यापेक्षा लवकर परत येते. आठ आठवडे पुरतात.

चिऱ्याची_पायरी

स्नायूंचं बरोबर. खांद्याच्या सांध्याचं नाही. पंचेचाळीस ते साठ हे खांदा आखडायचं वय, बायकांत आणि साखरवाल्यांत जास्त. हात पाठीमागे नेऊन ब्लाउजची हूक लावता येत नसेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर नमस्कार थांबवून खांदा दाखवा.

पडवीचं गणित: ६ मीटर जाऊन ६ परत, ८३ फेऱ्यांचा किलोमीटर. कंटाळा येतो हे मान्य, पण खरी अडचण वळणाची आहे. दर सहा मीटरला एकाच बाजूने गर्रकन वळलात तर आठवड्यात गुडघा कुरकुरतो. दोन खुर्च्या ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात चाला, वळणं आपोआप दोन्ही बाजूंची होतात. पाच मिनिटं चालणं, मग एका पायरीवर चढ-उतार एक मिनिट, असं तीनदा. पायरी १५ सेंमीची, पूर्ण पाऊल टेकवून. उतरताना पाय आपटू नका, मांड्यांना ठणका उतरण्यानेच लागतो, तोही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाखाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत व्यायामासाठी विसरा, चिऱ्यावरचं शेवाळ बूटही धरत नाही.

आबोली_गजरा

लावणीच्या आठवड्यात वेगळा व्यायाम नको, तेच पुष्कळ आहे. वाकून सलग तासभर राहू नका, वीस मिनिटांनी सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवून मागे झुका, पाच वेळा.

चिखलात उतरण्याआधी टाचेच्या भेगा बघा. भेग, खरचटलेलं, बुटाने फुटलेला फोड असेल तर गमबूट घाला किंवा बांधावर थांबा. पावसाळ्यात कोकणात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण निघतात, जंतू उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि अशाच जखमेतून शिरतो. त्यात पोटऱ्या प्रचंड दुखतात, आणि नुकता व्यायाम सुरू केलेला माणूस म्हणतो, चालण्याने दुखतायत. व्यायामाच्या दुखण्यात ताप नसतो. ताप, पोटऱ्यांत कळ, डोळे लाल, यांतलं काहीही चिखलात उतरल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत झालं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरले होते हे आपणहून सांगा. विचारायची वाट बघू नका.